सध्या काय ऐकताय?

‘सध्या काय वाचताय?’ हा मराठीच्या प्राध्यापकांनी परस्परांना विचारावयाचा रूढ प्रश्न. त्याचे उत्तर बहुधा पूर्ण खरे नसते. टेबलावर पडून असलेल्या पुस्तकाचे नाव सांगितले जाते. ‘सध्या काय ऐकताय?’ या प्रश्नाला मात्र माणूस सहसा खोटे बोलत नाही, असा आमचा अनुभव आहे. आम्ही चौघे कोल्हापुरात मराठी शिकवतो. चाळिशी उलटली आहे, म्हणजे कॅसेटची फीत पेन्सिलीने गुंडाळलेली शेवटची पिढी. गेली काही वर्षे महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचे, त्या महिन्यात पुनःपुन्हा ऐकलेले एखादे ध्वनिमुद्रण इतरांना ऐकवायचे आणि ते का ऐकावेसे वाटते हे सांगायचे, असा परिपाठ आम्ही ठेवला आहे. अट एकच : ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा आला’ हे शब्द वापरायचे नाहीत. ‘ही कविता मला खूप आवडली’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत आपण समासात ‘का?’ असे लिहितो. तो ‘का’ आपल्याला पेलतो काय, हे पाहावे, एवढाच हेतू.

आमच्यापैकी एकाचे गेले दोन महिने केसरबाई केरकरांवाचून पान हलत नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या जुन्या तबकड्या. त्यांतही नट कामोद. ‘का?’ या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर आम्हां भाषेच्या माणसांना पटले. तो म्हणाला, लांब पल्ल्याचे वाक्य असते ना, ज्याचे क्रियापद शेवटी येते आणि तोवर वाचकाने श्वास धरून ठेवायचा असतो, तशी त्यांची तान असते. सुरुवात झाली की ती कुठे संपणार याचा अंदाज येत नाही. आकार मोकळा असतो, वजन खाली-वर होत नाही, आणि सम येते ती वाक्याच्या पूर्णविरामासारखी, अपरिहार्य. मैफलीतला तासाभराचा ख्याल तबकडीत कोंबला, अशी तक्रार या ध्वनिमुद्रणांबद्दल नेहमी केली जाते. आम्हांला ती मान्य नाही. कादंबरीचा सारांश म्हणजे कथा नव्हे. तबकडीची मर्यादा ओळखून बाईंनी तीन मिनिटांत मावेल अशी एक वेगळीच रचना सिद्ध केली, तिला स्वतंत्र प्रकार म्हणूनच ऐकले पाहिजे.

पण कोल्हापुरात बसून केसरबाई ऐकताना मन वारंवार जाते ते न ऐकलेल्या एका आवाजाकडे. अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने या गावी आले, दरबारगायक झाले आणि १९२२ साली महाराजांचे निधन झाल्यावर मुंबईस गेले. १९४६ साली तेथेच त्यांचा अंत झाला. ग्रामोफोन कंपनीचे गेसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करीत होते. म्हणजे जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे यंत्र उपलब्ध होते. तरीही खाँसाहेबांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण आज आपल्यापाशी नाही. आहेत त्या गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या लिखित आठवणी, वामनराव देशपांड्यांच्या ‘घरंदाज गायकी’तली मीमांसा, आणि खाँसाहेबांनी आपल्या नातवाला, अझीझुद्दीनखाँना, सांगितलेले आत्मवृत्त. त्याचे इंग्रजी भाषांतर २००० साली कोलकात्यात प्रसिद्ध झाले. ज्याच्यावर एवढे लिहिले गेले आणि जो ऐकताच येत नाही असा गायक!

संहिताचिकित्सा शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने यावर एक कल्पना मांडली. मूळ पोथी हरवली आहे, पण तिच्या नकला उरल्या आहेत, अशी ही अवस्था होय. केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर प्रत्यक्ष खाँसाहेबांकडे शिकल्या. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांचे पुत्र मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी भुर्जीखाँकडे आणि पुढे केसरबाईंकडे. या सर्वांत जे समान सापडते (लयीशी सतत बांधलेला आकार, सरगमचा त्याग, एका दमात दोन-तीन आवर्तनांचा पल्ला, अनवट रागांची ओढ) ते मूळ प्रतीतले, आणि जे एकाचेच ते त्याचे. एक महिनाभर आम्ही या रीतीने ऐकले. शिवमत भैरव गाणारे मन्सूर आणि ललित गाणाऱ्या केसरबाई एकामागून एक लावल्या. खेळ मोठा रंजक होता. पण दुसऱ्या सहकाऱ्याचा आक्षेप आम्हांला अधिक बळकट वाटतो : गायक हा लेखनिक नव्हे. मन्सूरांचा तो अधीर, धावत जाऊन रागाला कवटाळणारा स्वर ‘पाठभेद’ म्हणून बाजूला काढला तर हाती उरते ते व्याकरण. शिवाय खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज उमेदीच्या काळात अतिगायनाने बसला होता आणि त्यानंतर त्यांनी आपली गायकी नव्याने घडवली, असे सांगितले जाते. मग ‘मूळ प्रत’ तरी कुठली?

याच्या उलट केसरबाईंचे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तीत त्यांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ निघाले ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला बाई गेल्या. ते यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. गुरूचा आवाज कोल्हापुरातही उरला नाही, आणि शिष्येचा आवाज तारकांमधल्या पोकळीत आहे. या विरोधाला केवळ योगायोग म्हणून सोडून देणे आम्हांला जमत नाही. सुरुवातीच्या तबकड्यांवर गाणे संपताच गाणारी आपले नाव उच्चारीत असे. गौहरजानचा तो उच्चार प्रसिद्धच आहे. परदेशातल्या कारखान्यात तबकडी ओळखू यावी ही त्यामागची सोय, असे सांगतात. ते असेल. पण ज्या गायिका कलावंत घराण्यांतून आल्या, ज्यांच्या नावामागे समाजाने आदराचा शब्द लावायला फार वेळ घेतला, त्यांचे नाव त्यांच्याच तोंडून कायमचे कोरले जाणे, ही गोष्ट लहान नाही. दरबाराची पगडी लाभलेल्या उस्तादाला यंत्राची गरज नव्हती, बाईला होती.

हे सारे चालू असताना आमच्यातल्या चौथ्या बाईंनी अटच मोडीत काढली. त्या सध्या ‘पिंजरा’ची गाणी ऐकतात. १९७२ सालचा शांतारामबापूंचा चित्रपट, राम कदमांचे संगीत, खेबुडकरांचे शब्द, उषा मंगेशकरांचा आवाज. ‘अंगावर काटा येतो’ असे त्या सरळ म्हणाल्या. आम्ही ‘का?’ विचारताच त्यांनी प्रतिप्रश्न केला : आकार, आवर्तन, दमसास हे शब्द तुम्हांला सुचतात, कारण त्या गाण्यावर शंभर वर्षे लिहिले गेले आहे. ढोलकीच्या उचलीला, झीलकऱ्यांच्या उंच ‘जी जी’ला मराठी समीक्षेने कोणते शब्द दिले? शब्द नाहीत म्हणून आनंद कमअस्सल ठरवायचा काय? यावर आम्हां तिघांकडे धड उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. लावणीवर मराठीत विपुल लेखन झाले आहे, हे खरे. पण ते बहुतेक शाहिरांचे, काव्याचे आणि इतिहासाचे. कानाचे फारसे नाही. बाईंनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. त्या कथेतला नायक शिक्षक, आणि गीतकार जगदीश खेबुडकरही पेशाने शिक्षकच, या आपल्या कोल्हापूरचे. मास्तराला फडावर ओढून नेणारी गाणी मास्तरानेच लिहावीत! खडू हातात धरणाऱ्याने ती ऐकताना थोडे अस्वस्थ व्हावे, असे त्या म्हणाल्या. आम्ही झालो.

‘गीतरामायणा’वर मात्र एकमत व्हायला वेळ लागत नाही, म्हणून त्याविषयी थोडक्यात. सुधीर फडक्यांचा जन्मही कोल्हापूरचाच, १९१९ चा. १९५५ च्या रामनवमीस, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर मालिका सुरू झाली, छप्पन्न गीते. तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक आवाज होते. पुढे बाबूजींनी सारे एकट्याच्या आवाजात गायिले. आमच्यातला कथनमीमांसेचा अभ्यासक हल्ली दोन्ही प्रकार शेजारी ठेवून ऐकतो. त्याचे म्हणणे असे की, ही कथा कुशलव रामासमोर गातात, म्हणजे प्रत्येक पात्राचे बोलणे मुळातच दुसऱ्याच्या तोंडचे आहे. तेव्हा एकच आवाज हीच कथनाशी प्रामाणिक योजना. ऐकायला मात्र त्याला माणिक वर्मांची सीता अधिक लागते. तर्क एकीकडे, कान दुसरीकडे.

गेल्या महिन्यात प्रथमच एक विद्यार्थिनी आमच्यात येऊन बसली. गारगोटीहून रोज एस.टी.ने येते. तिने मोबाइलवर किशोरी आमोणकरांचा भूप लावला. एका बाजूस भूप आणि दुसऱ्या बाजूस बागेश्री असलेल्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतला. एवढाच का ऐकतेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “बसायला जागा मिळाली तरच लावते, सर. उभं राहिलं की खड्ड्यांचा ताल वेगळा पडतो. खिडकी मिळाली तर मुदाळतिट्टा येईपर्यंत द्रुत संपत आलेलं असतं. विलंबित चालू असताना बाहेर काहीच बदलत नाही असं वाटतं, आणि बघते तर गाव मागं गेलेलं असतं.” कंडक्टरची हाक ऐकू यावी म्हणून एकच कान झाकते, हेही तिने सांगितले. पाच स्वरांचा राग, त्यांतही अर्धाच कानी येणारा.

मोगूबाई या किशोरीताईंच्या आई, हे तिला ठाऊक नव्हते. आम्ही सांगितल्यावर तिने नाव वहीत उतरून घेतले. पुढच्या महिन्यात त्यांचे काहीतरी घेऊन येणार आहे. जाताना आई, येताना मुलगी, असे करून बघते म्हणाली.