सोनेरी घुमटाखालची कसरत

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'ऐच्छिक' असा एक शब्द असतो. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी त्याचा अर्थ असा सांगेन : पैसे निराळे पडतील, आणि न गेल्यास संध्याकाळभर हॉटेलच्या खोलीत भिंतीकडे बघत बसावे लागेल. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही तिघे, म्हणजे मी, सौ. आणि तेरा वर्षांची आमची कन्या, पुण्याहून निघालेल्या एका जथ्याबरोबर चीनला गेलो. शांघायच्या दुसऱ्या दिवसाखाली पत्रिकेत अशीच ओळ होती : 'सायंकाळी कसरतींचा खेळ (ऐच्छिक)'.

सकाळी बसमध्ये या ओळीवर परिसंवाद झडला. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. हिशेबात चोख आणि बोलण्यात मोकळे. ते म्हणाले, "अहो प्रोफेसर, कसरती बघायला एवढे पैसे मोजायचे? आपल्याकडे डोंबारी रस्त्यावर फुकट दाखवायचे की!" बस हसली. मीही हसलो. पण हे वाक्य कुठेतरी अडकून राहिले.

शांघाय हे मान दुखेपर्यंत वर पाहण्याचे शहर आहे. ह्वांगपू नदीच्या एका काठावर जुन्या व्यापारी पेढ्यांच्या दगडी इमारतींची रांग. तिला बंड म्हणतात. समोरच्या काठावर पुडोंग, आणि तिथला ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर ढगात डोके खुपसून उभा. जुन्या रांगेतली हिरव्या निमुळत्या छपराची इमारत गाइडने दाखवली आणि सांगितले, ही १९२९ सालची, सर व्हिक्टर ससून यांनी बांधलेली. ससून म्हटल्यावर डुलक्या घेणारी सारी पुणेरी मंडळी जागी झाली. ज्या घराण्याचे नाव आमच्या रुग्णालयाला आहे, त्याच घराण्याचा हा वाडा! मुंबईची अफू आणि कापूस या नदीत उतरवून ही संपत्ती उभी राहिली, हे मी हळूच जोडले. पण तोवर मंडळी छायाचित्रे काढण्यात गुंतली होती.

आमची गाइड पंचविशीची मुलगी होती. इंग्रजी स्वच्छ, पावले भरभर, हातात पिवळी छत्री उंच धरलेली. ती मूळची शांघायची नव्हे, होपेई प्रांतातली. ते ऐकून मी तिला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांविषयी विचारले, तर तिचा चेहरा एकदम उजळला. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि १९४२ साली तिथेच वारला. त्यांची समाधी होपेईच्या राजधानीत, शिजियाझ्वांगला आहे. शाळेतून तिला तिथे फुले वाहायला नेले होते म्हणे. मग ती म्हणाली, "त्याच शहरात १९८७ पासून कसरतींचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो. आमच्या प्रांतातल्या वुछ्याओ तालुक्याच्या नावाने. तुम्ही आज संध्याकाळी या. हा खेळ आमच्याकडचा आहे."

अशा बोलावण्यानंतर 'ऐच्छिक' हा शब्द गळूनच पडला. काकांनीसुद्धा पाकीट उघडले.

संध्याकाळी बस गर्दीतून रांगत होती, तेवढ्या वेळात गाइडने आम्हाला दोन हजार वर्षे फिरवून आणले. हान राजवटीत या खेळांना 'शंभर करमणुकी' अशा अर्थाचे नाव होते. थडग्यांतल्या विटांवर आणि दगडांवर त्यांची चित्रे कोरलेली सापडतात : कोणी हातांवर उभा आहे, कोणी चेंडू झेलतो आहे. दुसऱ्या शतकात चांग हंग नावाचा विद्वान होऊन गेला. भूकंपाची चाहूल देणारे यंत्र बनवणारा तोच. त्याने राजधानीच्या वर्णनात या खेळांना जागा दिली आहे. चटईची गुंडाळी करून तिच्यात भाले रोवायचे आणि त्या भोकातून सुळकन पार व्हायचे, असा एक खेळ त्यात आहे. वुछ्याओच्या शेतकऱ्यांनी पुढे ही विद्या घरोघर नेली. पीक बुडाले की घरातली माणसे गावोगाव खेळ करीत हिंडायची. साहित्य काय, तर घरातलेच : रांजण, थाळ्या, वाडगे, खुर्च्या, शिड्या, छत्र्या. आजही चिनी कसरतीत हीच भांडीकुंडी दिसतात.

"आणि या लोकांना मान होता का?" सौ.ने विचारले.

"नव्हता," गाइड म्हणाली. "रस्त्यावरचे लोक ते. १९५० साली सरकारने त्यांचे राष्ट्रीय पथक काढले. चौ एन-लाय यांनी या विद्येला 'झा-जी' हे नाव दिले. म्हणजे नाना कौशल्ये. शांघायचे पथक १९५१ चे."

शांघाय सर्कस वर्ल्ड ही इमारत १९९९ साली उघडली. सोनेरी घुमट, गोल रंगमंच, भोवती १,६०० हून अधिक माणसे बसतील अशा खुर्च्या. तिथे तेव्हा 'एरा' नावाचा खेळ २००५ पासून चालू होता. दिवे मालवले, संगीत सुरू झाले, आणि पुढचा दीड तास आमच्या बसमधली कुरबुरणारी मंडळी लहान मुले होऊन गेली.

एक तरुण आला. हातात पाणी भरून ठेवावे एवढा मोठा चिनी मातीचा रांजण. तो त्याने चेंडूसारखा वर फेकला आणि मानेवर झेलला. मग कपाळावर, मग काठावर तोलून गरगर फिरवला. रांजण कपाळावर टेकताना जो 'ठक्' असा आवाज झाला, त्याने माझेच कपाळ दुखले. एक मुलगा आणि एक मुलगी रेशमी पट्ट्यांना धरून वर गेली आणि घुमटाखाली घारीसारखी फिरत राहिली; खाली जाळी नव्हती. शेवटी जाळीदार लोखंडी गोल आला. त्यात एक मोटारसायकल शिरली, मग दुसरी, मग तिसरी. पाचवी शिरली तेव्हा सौ.ने डोळे मिटले आणि माझे मनगट धरले. आठ मोटारसायकली एकाच गोलात एकमेकींना चुकवीत वरखाली फिरू लागल्या, तेव्हा काका उभे राहून ओरडले, "अरे, पुरे करा!" मराठीत, पण भाव सर्वांना कळला असावा.

पण माझ्या मनात राहिला तो खेळ निराळा. कड्यांतून उड्या मारणारे तरुण आले. एकावर एक कडी रचत गेली, माणसाच्या उंचीपेक्षा बरीच वर. एक पोरगा धावत आला, उडाला, आणि त्याचा पाय वरच्या कड्याला लागला. सारा मनोरा खळकन कोसळला. सभागृहात 'अरेरे' झाले. त्याने वाकून नमस्कार केला. सोबत्यांनी न बोलता कडी पुन्हा रचली. तो पुन्हा धावला. पुन्हा कडे पडले. संगीत तेच तेच वाजत राहिले. तिसऱ्या वेळी तो मासोळीसारखा पार झाला, आणि टाळ्यांनी घुमट दणाणला.

टाळ्या वाजवीत नव्हती ती एकटी आमची कन्या. ती पुढे झुकून बसली होती. म्हणाली, "बाबा, उडी मारणाऱ्याकडे काय बघता? बाजूला उभे आहेत त्यांच्याकडे बघा. तो पडला तर कुठे पडेल, ते त्यांना आधीच माहीत आहे."

हे तिला कळावे याला कारण होते. सातव्या वर्षापासून ती मल्लखांब करते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवा जन्म दिला, ती विद्या. दोरीच्या मल्लखांबावर ती पायाच्या अंगठ्यात दोर धरून उलटी लटकते, तेव्हा तिची आजी देवघरात जाऊन बसते. पण जूनमध्ये नववी सुरू व्हायची होती, आणि आमच्या घरात ठरल्यासारखे झाले होते की आता दोर पुरे. शिकवणीची वेळ आणि आखाड्याची वेळ एकच. ओळखीच्या सगळ्या घरांतून असेच होते. आठवीपर्यंत गाणे, नाच, पोहणे, मल्लखांब. नववी आली की हे सारे माळ्यावर. मुलीने यावर वाद घातला नव्हता. तिने फक्त दोराविषयी बोलणे बंद केले होते.

परतताना सौ. गाइडच्या शेजारी जाऊन बसली. "किती वर्षांची असताना सुरुवात करतात गं?"

"सहा-सात. कंबर, पाय, हातांवर उभे राहणे आणि कोलांट्या, एवढेच पहिली काही वर्षे. माझी मावसबहीण त्या शाळेत होती. सकाळी कसरत, दुपारी पुस्तके."

"दोन्ही?"

"दोन्ही. आता गुडघा गेला, पण ती तिथेच शिकवते. मुले मात्र कमी येतात. घरात एकच मूल. आईबाप पाठवत नाहीत. रोज रडायचो, असे ती सांगते. तुम्ही विचारले म्हणून सांगितले. नाहीतर पाहुण्यांना हे सांगत नाहीत."

सौ. काही बोलली नाही. रात्री हॉटेलात मुलीच्या तळव्यांवरचे घट्टे ती दिव्याखाली बराच वेळ बघत होती.

मला झोप येईना, तेव्हा मी धंद्याच्या सवयीने शब्द चाळीत पडलो. आपण महिनाअखेरीच्या खर्चाला 'तारेवरची कसरत' म्हणतो. पुढाऱ्याने पक्ष बदलला की त्याने 'कोलांटउडी' मारली म्हणतो, आणि त्या कोलांटउडीत कोल्हाटी दडलेला आहे, हे विसरतो. पोरकट गोंधळ दिसला की 'हा काय डोंबाऱ्याचा खेळ आहे' असे वर्गातदेखील म्हटले जाते. ज्यांची विद्या, त्यांच्याच नावाने आपण हिणवतो. खुद्द 'कसरत' हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी विपुलतेचा अर्थ आहे. पुष्कळ वेळा करणे ती कसरत. तीनदा धावलेल्या त्या पोराला हा अर्थ कोशाशिवाय कळत होता.

आपल्याकडे ही विद्या नव्हती असे मुळीच नाही. १८८० साली सांगलीकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. म्हैसाळच्या देवलांच्या सर्कशीचे तंबू आमच्या आजोबांच्या पिढीने डोळे भरून पाहिले. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे अमेरिकेच्या रिंगमध्ये वाघ-बिबट्यांसह उभे राहिले. आणि तंबूच्या बाहेर, रस्त्यावर, ढोलकीच्या तालावर दोर चालतच होता. चीनने रस्त्यावरच्या खेळाला छप्पर, शाळा आणि नाव दिले. त्या छपराखाली मुले रडत नाहीत असे नाही. पण वाचायला शिकतात, आणि गुडघा गेल्यावर त्यांना उभे राहायला जागा असते. आपण डोंबारी-कोल्हाट्यांना भटक्या जमातींच्या यादीत नेऊन ठेवले, सवलती दिल्या. त्यांच्या अंगातल्या विद्येचे काय करायचे, हा प्रश्न कुणी फारसा घेतला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्कशीत मुलांना राबवण्यास बंदी केली, ती योग्यच होती. पण बंदी हे अर्धेच उत्तर असते.

पुण्याला आल्यावर जूनमध्ये सौ.ने एके दिवशी शिकवणीच्या बाईंना दूरध्वनी करून वेळ बदलून घेतली. मला नंतर कळले. मुलीला तिने एवढेच सांगितले, "सहा ते साडेसात आखाडा. घरी आल्यावर गणित. कुरकुर ऐकणार नाही." नववी गेली, महामारीची दहावी गेली. दारच्या आंब्याला बांधलेल्या दोरावर तिने ते बंद दिवस काढले. गुण चार-पाच कमी पडले असतील. घरात त्यांचा उल्लेख कुणी केला नाही. आता ती कॉलेजात आहे आणि रविवारी लहान मुलींना शिकवते. उडी घेणाऱ्या मुलीच्या बाजूला उभी राहून.

मागच्या वर्षी दिवाळीच्या खरेदीला निघालो असता एका चौकाच्या कडेला ढोलकी ऐकू आली. दोन बांबूंच्या कैच्या, मध्ये दोर, दोरावर आठनऊ वर्षांची मुलगी, हातात काठी, डोक्यावर तांब्या. दुपारचे अकरा, म्हणजे शाळेची वेळ. लोक पिशव्या सावरीत जात होते. आम्ही शेवटपर्यंत थांबलो. आमची कन्या दोराखाली दोन पावले पुढे सरून उभी होती. का, ते मला आता सांगावे लागत नाही. मुलगी खाली उतरल्यावर तिने तिला विचारले, "कितवीत आहेस?"

मुलीने बापाकडे पाहिले. बाप म्हणाला, "फिरतीवर असतो, ताई. शाळा एका जागी असती."

आमच्या घरात शाळा दोराला गिळायला निघाली होती. या घरात दोराने शाळा गिळली आहे. एकाच गावात, एकाच वयाच्या पोरींच्या वाट्याला ही उलटीसुलटी वाटणी यावी, आणि दोन्हीकडे आपण 'इलाज नाही' म्हणून पुढे जावे, हे काही बरे नाही. सकाळी कसरत आणि दुपारी पुस्तके, एवढीच तर गोष्ट आहे.

काका परवा भेटले होते. शांघायच्या आठ मोटारसायकली त्यांनी अजून सोडलेल्या नाहीत; ऐकणारा मिळाला की सांगतात. मी त्यांना या चौकातल्या मुलीची हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "फुकट म्हणालो होतो ना मी? आपल्याला फुकट हो. तिला नव्हे."