जागा नसलेली तालीम

कोल्हापुरात ‘तालमीला चाललोय’ म्हटलं की समोरचा आधी आपल्या दंडाकडे बघतो. आमच्या घरात या वाक्याचा अर्थ गेली ३२ वर्षं वेगळा आहे. कीबोर्ड स्कूटरवर पायांपाशी उभा करायचा, गुडघ्यांत आवळून धरायचा आणि रात्री आठच्या सुमाराला कुणाच्या तरी खोलीवर, गच्चीवर नाहीतर गोदामात पोचायचं. दिवसा मी हिशेब लिहितो. संगीतावर माझं घर कधी चाललं नाही आणि चालावं अशी अपेक्षाही नव्हती. पण या काळात मी ७ ग्रुपांत वाजवलं आणि सातही बंद पडले. सर्वांत जास्त टिकलेला ४ वर्षं चालला, सर्वांत कमी टिकलेला १९ दिवस.

या सगळ्यांची मिळून एकच वही आहे, लांबट, खतावणीसारखी. डावीकडे गाणं, उजवीकडे पट्टी. पट्टीच्या रकान्यात खाडाखोड फार आहे, कारण गाणारा बदलला की पट्टी बदलते. एका भावगीतापुढे ‘काळी एक’ खोडून ‘काळी चार’ आणि ती खोडून ‘पांढरी तीन’ लिहिलंय. तीन पट्ट्या म्हणजे तीन ग्रुप. पहिला गायक नोकरीसाठी पुण्याला गेला, दुसरी गायिका लग्न होऊन इचलकरंजीला. तिसरा याच गावात आहे, पण आता गात नाही.

पहिला ग्रुप मंगळवार पेठेतल्या गणपतीपुरता होता. अनंत चतुर्दशीला मांडव उतरला, त्याबरोबर तोही संपला. दुसरा लग्नाच्या सुपाऱ्या घेणारा ऑर्केस्ट्रा. न थांबता ४० गाणी वाजवायची सवय मला तिथे लागली. पण मला सांगायचंय ते तिसऱ्याबद्दल.

शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांची शेड होती. त्यांचा पुतण्या आमच्यात ढोलकी वाजवायचा. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद. काकांनी किल्ली दिली आणि एवढंच म्हणाले, “बसा की. फक्त जाताना लाइट बंद करा.” कूलंटचा आणि ग्रीसचा वास, फरशीवर लोखंडाचा कीस, ऑइलचे दोन मोकळे ड्रम उलटे करून त्यांवर आडवा ठेवलेला कीबोर्ड. आम्ही पाच जण होतो. अभंगांना नवं संगीत द्यायचं, मधले पीस आपले आपण बांधायचे, कुणाची नक्कल करायची नाही, असं ठरलं होतं.

पहिल्याच अभंगाला अडचण आली. पट्टी होती पांढरी दोन. खालचा पंचम लांब धरला की छताचा एक पत्रा झिणझिणायचा. मध्यम धरला की गप्प, पंचमावर आला की सुरू. शिडी लावून पत्रा बांधून पाहिला, मध्ये रबराचे तुकडे घातले, उपयोग झाला नाही. शेवटी ढोलकीवाला म्हणाला, “भावा, पत्रा हलंना तर सूर हलवूया की.” आम्ही अर्धा सूर चढवून काळी दोन घेतली. पत्रा गप्प झाला. आणि त्याच वेळी आमच्या गायकाचा आवाज मोकळा झाला. तोवर तो स्वतःच्या आवाजाच्या एक पायरी खाली गात होता, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

ती गोष्ट माझ्या बोटांत राहिली. त्यानंतरच्या प्रत्येक ग्रुपात नवा गायक आला की मी त्याची ठरलेली पट्टी विचारतो आणि एकदा अर्धा सूर वर, एकदा अर्धा सूर खाली वाजवून त्याला गायला लावतो. चार जणांना आपला खरा आवाज त्यातून मिळाला. बंद पडलेल्या ग्रुपाने काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो.

शेडमधला ग्रुप दोन वर्षांनी थांबला. भांडण झालं नाही. काकांना मोठी ऑर्डर मिळाली, आम्ही बसायचो तिथे नवं मशीन आलं आणि सुट्टीचा दिवसही कामाचा झाला. शेवटच्या दिवशी काकांनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

मला सलतो तो पाचवा. आम्ही दोघंच, मी आणि एक व्हायोलिनवाला. शब्दांशिवाय भावगीतं वाजवायची, एवढीच कल्पना. सहा गाणी बसली. मग एका आठवड्यात मला जमलं नाही, पुढच्यात त्याला, आणि “बघूया पुढच्या आठवड्यात” यावर ते राहून गेलं. आजही तो महाद्वार रोडवर भेटतो, आम्ही मुलांची चौकशी करतो आणि त्या सहा गाण्यांचं नाव काढत नाही. शेडमधल्यांना मी कधीही फोन करू शकतो, याला नाही. काम थांबवलं तर तसं एकमेकांना तोंडाने सांगायला हवं होतं. त्यात चूक माझी जास्त, कारण पहिला आठवडा मी चुकवला होता.

या सगळ्यात मला आधार वाटतो गोविंदराव टेंब्यांचा. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याला १८८१ साली जन्मलेला हा माणूस. १८८३ पासून चालत आलेल्या देवल क्लबात त्यांच्या कानांवर पहिले संस्कार झाले, पेटी मात्र ते बहुतांशी आपली आपण शिकले. १९११ साली किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमाना’ला त्यांनी चाली दिल्या. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीत भागीदार झाले. दोनच वर्षांत तिथून बाहेर पडून त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. तीही पुढे बंद झाली. आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचं संगीत त्यांनी दिलं आणि हरिश्चंद्राचं कामही केलं. तो चित्रपट काढणारी ‘प्रभात’ १९२९ साली याच गावात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. कोल्हापुरातली ‘प्रभात’ म्हणजे अवघी चार वर्षं! त्या चार वर्षांवर हे गाव अजून अभिमानाने बोलतं. मग एखादी मंडळी किती वर्षं टिकली यावरून तिची किंमत ठरवायची, हे मला पटत नाही. टेंबे एका मंडळीतून निघाले की तिथलं सगळं हातात घेऊन दुसरीकडे जात. नाटकातली चाल बांधणारा हात पुढे बोलपटाच्या कामाला आला.

तरीही एक प्रश्न मला सोडत नाही. याच गावातल्या कुस्तीच्या तालमी पिढ्यान्‌पिढ्या कशा टिकल्या? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं आज शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या जर्सीवर दिसतात. काही तालमींत लाल मातीच्या हौद्यात आता पूर्वीइतकी पोरं उतरत नाहीत, पण तालीम उभी आहे. कुस्ती मागे पडली तिथे फुटबॉल आला, गणपती आला, महापुरात मदतीचं काम आलं. माणसं बदलली, खेळ बदलला, संस्था राहिली. कारण तिला चार भिंती होत्या. संध्याकाळी कुठे जायचं हे पोरांना विचारावं लागत नव्हतं. आमच्या तालमीला तेवढंच नव्हतं. माझ्या सातांपैकी पाच ग्रुप जागा गेली म्हणून थांबले. प्रेम आटलं म्हणून एकही नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर ते हेच. आमच्या चौथ्या ग्रुपाने तिथे एकदाच, जेमतेम २० मिनिटं वाजवलं होतं. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभं राहून ज्वाळा बघणाऱ्यांत मीही होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी तिथे काय केलं होतं ते मी विचारलं नाही. पण ते रडत होते.

या मार्चपासून आमचा आठवा ग्रुप सुरू झालाय. चौघं आहोत. राजारामपुरीत एका फ्लॅटमध्ये बसतो आणि वरच्या मजल्यावरच्या मुलीची बारावी असल्याने ढोलकीवर टॉवेल टाकून वाजवतो. शेडमधला तो काळी दोनचा अभंग पुन्हा घेतलाय.

गावातल्या तालमींना आणि मंडळांना माझी विनंती आहे. तुमचे हॉल संध्याकाळी आठ ते दहा कितीतरी दिवस कुलपात असतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी किल्ली द्या. पेटी आम्ही आणतो, जाताना लाइट बंद करतो.