एरिक्सन : सातव्या पायरीवरून

मोठ्या माणसाचे स्मरण कसे करावे, हे आम्ही ज्यांच्याकडून शिकलो त्या एरिक एरिक्सन (1902-1994) यांच्याविषयी आज लिहायचे आहे. 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्दप्रयोग ज्यांच्यामुळे जगभर रूढ झाला ते हे मनोविश्लेषक. मराठीत आपण त्यांच्या 'आयडेंटिटी'ला 'अस्मिता' म्हणून मोकळे झालो आणि तिथेच थोडा घोळ झाला. आपल्याकडची अस्मिता व्यासपीठावर नांदते. ती भाषेची असते, प्रांताची असते, जातीची असते. एरिक्सन यांचा प्रश्न पुष्कळच हळू आवाजातला आहे. मी स्वतःला जो समजतो आणि भोवतालचे लोक मला जो समजतात, त्या दोहोंचा सांधा कुठे जुळतो का, असा तो प्रश्न.

हा प्रश्न त्यांना ग्रंथांतून सापडलेला नव्हता. आई डेन्मार्कमधल्या ज्यू घराण्यातली. जन्मदाता कोण, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे बालरोगतज्ज्ञ असलेल्या सावत्र वडिलांच्या घरी ते वाढले आणि ते सावत्र आहेत ही गोष्ट मुलापासून बरीच वर्षे लपवली गेली. सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा हा उंच मुलगा शाळेत ज्यू म्हणून हिणवला जाई आणि प्रार्थनामंदिरात परका म्हणून. पुढे 1939 साली अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी 'एरिक्सन' हे आडनाव धारण केले. एरिकचा मुलगा एरिक! एम.ए.च्या वर्गात शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (1984) शिकवताना, बापाच्या नावाच्या प्रश्नापाशी आलो की आम्हांला हे आडनाव हटकून आठवते. अर्थात दोन्ही गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. जातीने जन्मभर लादलेला अपमान वेगळा आणि सुखवस्तू डॉक्टरच्या घरात दडवलेला जन्म वेगळा. परंतु नाव ही माणसाला मिळणारी पहिली जागा असते आणि ती नसेल तर काय होते, हे समजून घ्यायला या दोघांचे वाचन एकमेकांना उपयोगी पडते.

एरिक्सन यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. तरुणपणी ते चित्रे काढत भटकत होते. 1927 साली मित्राच्या बोलावण्यावरून व्हिएन्नातल्या एका लहानशा शाळेत ते शिकवायला गेले आणि तिथून अ‍ॅना फ्रॉइड यांच्याकडे मनोविश्लेषणाच्या अभ्यासाला लागले. म्हणजे हा माणूस आधी शिक्षक होता, मागाहून मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या करुणेचे मूळ आम्हांला इथे दिसते. मूल बोलत नसेल तर त्याला बोलते करण्याची घाई न करता ते त्याच्यापुढे ठोकळे ठेवत आणि ते काय रचते हे पाहत. सू जमातीच्या मुलांचे शिक्षक त्या मुलांच्या निरुत्साहाची तक्रार करत. एरिक्सन यांनी त्या मुलांत दोष न शोधता रानगव्यांबरोबर नष्ट झालेल्या त्यांच्या जगाकडे बोट दाखवले. विद्यार्थ्याच्या मौनामागे त्याच्या समाजाचा इतिहास असू शकतो, ही जाण वर्गात उभ्या राहणाऱ्या कुणालाही मोलाची वाटावी.

त्यांनी सांगितलेल्या आयुष्याच्या आठ पायऱ्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. आज चाळिशीत असलेले आम्ही त्यांतल्या सातव्या पायरीवर आहोत. इथे माणूस पुढच्या पिढीसाठी काही निर्माण करतो किंवा स्वतःतच साचून राहतो. या पायरीवर कमवायचा गुण एरिक्सन यांच्या मते एकच : काळजी. आपल्या हातून जे जन्माला आले त्याचा सांभाळ. त्यांनी तो विद्यार्थ्यांच्या बाबतीत मनापासून केला. अहमदाबादेत भेटलेला सुधीर कक्कर नावाचा तरुण मुळात अभियंता. त्याला त्यांनी हार्वर्डला आपला साहाय्यक म्हणून नेले. पुढे 'द इनर वर्ल्ड' (1978) लिहून भारतीय मनाचा अभ्यास ज्यांनी वेगळ्या वाटेवर नेला, आयुष्याची अखेरची बरीच वर्षे गोव्यात काढून जे 2024 साली निवर्तले, तेच हे कक्कर.

एरिक्सन प्रथम 1962 साली अहमदाबादला आले ते जीवनचक्रावरील परिसंवादासाठी. तिथे त्यांना 1918 च्या गिरणी संपाचा विषय गवसला. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन आणि मध्ये गांधीजींचे उपोषण. त्यावरचा 'गांधीज ट्रुथ' (1969) हा ग्रंथ पुलित्झर पारितोषिकाचा मानकरी ठरला. या ग्रंथाच्या मध्यावर एक विलक्षण गोष्ट घडते. लेखक विवेचन थांबवतो आणि दिवंगत महात्म्याला थेट पत्र लिहायला बसतो. अहिंसेचा उद्गाता आपल्या पत्नीशी, मुलांशी, आश्रमातल्या कोवळ्या जिवांशी इतका कठोर कसा वागला, असे तो विचारतो. हे पत्र शत्रूचे नाही. प्रेम आहे म्हणूनच ही तक्रार आहे.

एरिक्सन यांना असेच पत्र लिहावे अशी एक गोष्ट त्यांच्याही घरात होती. 1944 साली त्यांना नील हा मुलगा झाला. त्याला डाउन सिंड्रोम होता. पत्नी जोन रुग्णालयात असतानाच त्याला संस्थेत ठेवण्याचा निर्णय झाला आणि लहानग्या स्यूला बाळ दगावल्याचे सांगितले गेले. नील पुढे वीसेक वर्षे जगला. बालपणाचे भाष्यकार म्हणून एरिक्सन यांना मान्यता देणारे 'चाइल्डहुड अँड सोसायटी' 1950 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्या काळी डॉक्टर असाच सल्ला देत, हे खरे. स्यू यांनी 2005 साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात या दडवणुकीची किंमत मुलांनी कशी मोजली ते लिहिले आहे. ज्याच्यापासून स्वतःचा जन्म लपवला गेला, त्यानेच पुढे एक जन्म लपवावा!

हे विद्यार्थ्यांना सांगावे का, असा प्रश्न आम्हांला सहकारी विचारतात. चरित्रातल्या कुचाळक्यांनी विचार खोटा ठरतो का, हा त्यांचा मुद्दा. विचार खोटा ठरत नाही, असेच आम्हीही म्हणतो. उलट काळजी हा गुण उपजत नसून रोज कमवावा लागतो, दूरच्यांसाठी तो साधला तरी जवळच्यांपाशी निसटू शकतो, हे एरिक्सन यांचे म्हणणे त्यांच्याच घराने सिद्ध केले. गांधीजींना लिहिलेले ते पत्र वाचताना आम्हांला वाटते, की त्यातला निम्मा मजकूर लेखकाने नकळत स्वतःलाच लिहिला असावा. म्हणून फळ्यावर आठ पायऱ्यांचा तक्ता काढून झाला, की आम्ही शेजारी नीलचेही नाव लिहितो.