दुधाच्या पिशवीचा कोपरा

मनुष्यस्वभावाचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्यानें मोठमोठे ग्रंथ चाळावे हें खरें. पण दुधाची पिशवी कोण कशी फोडतो हेंहि त्यानें एकदां पहावें. बहुतेक माणसें कात्रीनें तिचा कोपरा साफ कापून टाकतात. तो नखाएवढा तुकडा मोरींतून वाहून जातो, नाहीं तर केरांत हरवतो. पिशवी रद्दीवाला घेतो. ह्या तुकड्याला मात्र त्रिभुवनांत कोणी वाली नाहीं. आमच्या घरीं सौभाग्यवती कोपऱ्याला अर्धवट चीर देऊन तो पिशवीलाच लोंबता ठेवतात. मीं कारण विचारलें तेव्हां "ओट्यावर शोधत कोण बसणार?" एवढेंच उत्तर मिळालें. पर्यावरणाचा त्यांत उच्चारहि नव्हता, आणि म्हणूनच तें मला अधिक मोलाचें वाटलें.

हीच युक्ति सुचायला कारखानदारांना किती काळ लागला! शीतपेयाच्या डब्याची कडी पूर्वीं ओढतांच सुटून येई आणि पुळणींत पडून अनवाणी पायांना कापी. १९७५ च्या सुमारास अमेरिकेंत डब्यालाच चिकटून राहणारी कडी निघाली, नि तो प्रश्न उपदेशावांचून मिटला. युरोपीय संघानें तर जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचीं झांकणें बाटलीला जोडलेलींच असावीं असा दंडक घातला. पितांना तें झांकण नाकाला लागतें, अशी तिकडे कुरकुर आहे. लागेना कां!

आमच्याकडे मात्र अजून विनवणीचीच चलती. उद्यानांतला तो आ वासलेला पेंग्विन पहा. मुलें त्याला हौसेनें भरवितात. पण त्याचें पोट वेळेवर रिकामें करण्याची तजवीज कोणीं केलेली दिसत नाहीं.

माझ्या लहानपणीं मुंबईंत आरेच्या केंद्रावर रिकामी बाटली दिल्यावांचून भरलेली हातीं पडत नसे. त्या रांगेंतले लोक निसर्गभक्त होते असें नाहीं. त्यांना सकाळच्या चहाला दूध हवें होतें. २०१८ सालच्या प्लास्टिकबंदींत दुधाच्या पिशवीवर निदान ५० पैसे परताव्याची किंमत छापावी असें महाराष्ट्र सरकारनें फर्माविलें, तेव्हां मला त्या बाटलीची आठवण झाली. पण छापलेला पैसा निराळा, हातीं पडलेला निराळा. धुऊन घडी केलेल्या पिशव्या मीं आमच्या दूधवाल्यापुढें धरल्या, तर तो म्हणाला, "सर, ह्या मी कुणाला नेऊन देऊं? मागायला कुणी येतच नाही."

त्याच्या सायकलीला लटकणारी थैली येतांना भरलेली असते आणि जातांना रिकामीच जाते. आमच्या साऱ्या गल्लीच्या घड्या तींत सहज मावतील.