भुलीचा अभ्यास

आपल्या भाषेंत 'भूल' या शब्दाचा व्याप मोठा विलक्षण आहे. हातून चूक झाली तर ती भूल, मन मोहून गेलें तर तीही भूल, आणि शस्त्रवैद्य पोट उघडण्यापूर्वीं रोग्याला जी देववितात तीही भूलच. शास्त्रकारांनीं 'बधिरीकरण' असा भारदस्त शब्द घडविला आहे खरा. परंतु तो पाटीवर जितका शोभतो तितका तोंडांत बसत नाहीं.

माझ्या भाचीनें दोन वर्षांपूर्वीं या शास्त्रांतील तंत्रज्ञ होण्याचें ठरविलें, तेव्हां बहिणीच्या घरीं जो वाद झाला त्याचा सारा रोख एकाच शब्दावर होता: 'मदतनीस'. वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेंत तिला पुरेसे गुण पडले नव्हते. आणखी एक वर्ष घालवून तिनें पुन्हां परीक्षेस बसावें, असें आमच्या मेहुण्यांचें मत. "जन्मभर दुसऱ्याच्या हातांत सुई देत राहणार का?" असा त्यांचा सवाल. मुलगी हट्टी नाहीं, पण ठाम आहे. "बाबा, कोणती सुई केव्हां द्यायची, हें कोणाला तरी शिकावें लागतेंच ना!" एवढेंच ती म्हणाली.

आमच्या नाशकांत म्हसरूळला, १९९८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याच्याशीं संलग्न असलेल्या एका महाविद्यालयांत ती दाखल झाली. तीन वर्षें अध्ययन, पुढें एक वर्ष रुग्णालयांत प्रत्यक्ष काम. अमेरिकेंत १९६९ पासून असे सहाय्यक तयार करण्यांत येत असून डॉक्टरांच्या देखरेखीखालीं ते स्वतः भूल देतात. आपल्याकडे तें काम डॉक्टरांचेंच. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानें अशा व्यवसायांच्या शिक्षणाची व नोंदणीची व्यवस्था लावली आहे, हेंही मीं मेहुण्यांना सांगून पाहिलें. कायद्यानें सासरे-जांवई पटत नाहींत, तेथें बाप-लेकीचें काय!

ती अभ्यासाला माझ्याकडे येते, म्हणून तिची वही मला चाळावयास मिळते. पहिला रोगी टेबलावर येण्यापूर्वीं करावयाच्या तपासणीलाच तींत कित्येक पानें दिलेलीं आहेत. प्राणवायूचें नळकांडें काळें, त्याचा खांदा पांढरा. नायट्रस ऑक्साइडचें निळें. रंगावर भरंवसा पुरत नाहीं, म्हणून लहान नळकांड्यांच्या जोडणीला खुंट्या अशा बसविलेल्या असतात कीं एकाच्या जागीं दुसरें बसूंच नये. झोप आणणारें, स्नायु सैल करणारें, वेदना शमविणारें अशीं बहुतेक औषधें सिरिंजमध्यें पाण्यासारखींच दिसतात. म्हणून भरतांक्षणीं नांवाची चिठ्ठी. तिच्या धंद्यांत एक भूल देतांना दुसरी होऊं द्यावयाची नसते.

मला सर्वांत नवल वाटलें तें एका स्वराचें. रोग्याच्या बोटाला चिमट्यासारखें यंत्र लावतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तें वाजतें, आणि रक्तांतील प्राणवायु घटूं लागला कीं त्याचा सूर खालीं उतरतो. पाठ फिरवून औषधें मांडीत असतांनाही तो तिला ऐकूं आला पाहिजे. लहानपणीं गाण्याच्या वर्गांत सूर उतरला कीं ती बोलणीं खाई. तो कान आतां असा कामास आला आहे.

नाशिककरांना प्राणवायूचें मोल पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. २१ एप्रिल २०२१ रोजीं येथील डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयांत टाकीपाशीं गळती झाली, नळ्यांतील दाब उतरला, आणि त्या दिवशीं २२ रोगी दगावले. भाची तेव्हां शाळेंत होती. तिच्या निवडीशीं त्या दिवसाचा कांहीं संबंध आहे काय, हें मीं तिला कधींच विचारलें नाहीं. तिच्या वहींत दाबमापकाच्या चित्राखालीं मात्र लाल शाईच्या दोन रेघा आहेत.

रोग्याला पुढें यांतलें कांहीं आठवत नाहीं. "उपाशी आहांत ना? कवळी काढली का?" असें विचारणारी, गुंगी चढेपर्यंत हात धरून उभी असलेली ही मुलगी शुद्धीवर आल्यावर त्याच्या लेखीं नसतेच; पेढे शस्त्रवैद्याकडे जातात. तिला त्याचें वाईट वाटत नाहीं. मला थोडेसें वाटतें.

मेहुण्यांचें मत अद्याप बदललेलें नाहीं. परीक्षेचा अर्ज निघाला कीं ते तिला आठवण देतात. मात्र तिला सकाळीं सातला शस्त्रक्रियागृहांत हजर राहावयाचें असतें, आणि साडेसहाला स्कूटर तेच काढतात.