घरचे वायफाय आणि घराची किल्ली

घराला कुलूप कसे लावायचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण आज घरोघरी जे वायफाय आले आहे, त्यालाही कुलूप असते. ते कसे लावायचे आणि त्याची किल्ली कोणाला द्यायची, हे मात्र शिकावे लागते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी ते शिकले. शिवणकाम करून संसाराला हातभार लावणाऱ्या बाईला जे जमले, ते आपल्या कोणत्याही भगिनीला जमेल, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोल्या. धाकट्या मुलीच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी आम्ही कनेक्शन घेतले. जोडायला आलेल्या माणसाने माझाच मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून टाकला आणि म्हणाला, "मावशी, लक्षात राहील." महिनाभरात तो अर्ध्या चाळीला पाठ झाला. ज्यांनी अडीअडचणीला आपल्याला पीठमीठ दिले, त्यांच्या मुलांना नाही कसे म्हणायचे?

पुढे वस्तीतल्या अभ्यासिकेत चार रविवारचा वर्ग निघाला. शिकवणारा वस्तीतलाच, नेटवर्किंगची नोकरी करणारा मुलगा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितले, "काकू, राउटर म्हणजे छोटे रेडिओ स्टेशन. त्याच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर लांब जाते, ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान असते, पण भिंतीत लवकर अडते." म्हणजे आपले बोलणे जिन्यात उभा असलेला माणूसही पकडू शकतो. म्हणून ते सांकेतिक करून पाठवावे लागते. वायफायचे पहिले मानक १९९७ साली आले. त्याच्या डब्ल्यूईपी नावाच्या कुलपातील दोष तज्ज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिला. मग २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. राउटरच्या सेटिंगमध्ये या शेवटच्या दोहोंपैकी एक निवडायचे.

कुलूप चांगले असले, तरी किल्ली सोपी असून चालत नाही. आपला मोबाईल राउटरला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण चोर टिपून घेतो आणि घरी बसून संगणकाकडून पासवर्डचे अंदाज करवून घेतो. आठ आकडी पासवर्डचे १० कोटी प्रकार होतात. आपल्याला ही संख्या मोठी वाटते, पण ताकदवान यंत्र सेकंदाला लाखो अंदाज करते. मोबाईल नंबर तर कोणालाही माहीत असतो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहावेत, जसे खलबत्ता, सायकल, गोधडी, पाऊस. मात्र हे छापून आलेले शब्द वापरू नका!

तुम्ही म्हणाल, गरिबाच्या वायफायमधून चोर काय नेणार? मीही हेच विचारले. तेव्हा त्याने २००८ सालची हकीकत सांगितली. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्या वेळचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वायफायवरून गेला होता. पाठवणारा दुसराच होता, पण पोलीस आधी या गृहस्थाच्या दारात गेले. कारण घरातले दहा मोबाईल बाहेरच्या जगाला वेगवेगळे दिसत नाहीत. कनेक्शन ज्याच्या नावावर, पत्ता त्याचा.

हे ऐकून मी गप्प झाले. कष्टकऱ्याच्या घरी चौकशी आली, तर रोज बुडतो, चाळीत कुजबुज होते आणि शिकत्या मुलांच्या मनाला घोर लागतो. निर्दोष ठरेपर्यंत हे सारे सोसावे लागते.

त्या रविवारी मुलीला सोबत घेऊन मी पासवर्ड बदलला. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो. तो बहुधा कारखान्यातून आलेला, सर्वांना ठाऊक असलेला असतो. तोही बदलला. बटण दाबून जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस सोय बंद केली. राउटरचे नवे अपडेट घेतले.

शेजारच्या आक्का रुसल्या. "नेट महाग झाले का गं?" म्हणाल्या. मी त्यांना घरात बसवून सगळे समजावून सांगितले. आमच्या राउटरवर 'गेस्ट नेटवर्क' म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळी वाट करता येते. तिचा पासवर्ड निराळा असतो आणि त्या वाटेने आलेल्याला सहसा आपले घरचे मोबाईल, संगणक दिसत नाहीत. तरी बाहेर पत्ता आपलाच जातो, म्हणून तो पासवर्ड दोनच घरांना दिला आहे आणि परीक्षा संपल्या की बदलते. आक्कांचा नातू आजही आमच्याच नेटवर अभ्यास करतो. फरक इतकाच की, किल्ली कोणाकडे आहे, हे आता मला माहीत आहे.

मोबाईललाही हेच लागू आहे. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार. लग्नपत्रिका किंवा वीजबिल म्हणून आलेली एपीके फाईल उघडू नये. वेबसाईटवरचे कुलपाचे चिन्ह बोलणे वाटेत सुरक्षित असल्याचे सांगते. समोरचा दुकानदार प्रामाणिक आहे, असे सांगत नाही. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितकी घाई कराल, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

भगिनींनो, येत्या सुट्टीच्या दिवशी मुलामुलींना जवळ बसवा आणि राउटरचे सेटिंग उघडायला सांगा. ते करत असताना आपण नुसते बघत राहू नये. "हे काय आहे?" असे दर पायरीला विचारावे. मुलांना सांगताना ते पक्के होते आणि आपल्यालाही कळते.