मामांच्या पायऱ्या

लेण्याद्रीच्या पायऱ्या नेमक्या किती, यावर कुणाचं एकमत नाही. तीनशेच्या आसपास, एवढंच खरं. मी पडलो बँकेतला कारकून, त्यामुळे दर खेपेला मोजतो आणि दर खेपेला हिशेब चुकतो. वर सातव्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यात गिरिजात्मज आणि पायथ्याला आमचे मामा, अशी आमची तिथली दोन दैवतं.

मध्यंतरी मामांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. वय शहात्तर, रक्तात साखर, हृदयात स्टेंट आणि छातीत पन्नास वर्षांच्या विड्या. पुण्याला नेलं. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, “आजोबा, दोन जिने न थांबता चढता का?”

“दोन जिने? अहो डॉक्टरीणबाई, दर चतुर्थीला लेण्याद्री चढतो मी!”

बाईंनी कौतुकानं लिहून घेतलं. तेवढ्यात मामी पुटपुटली, “चढतात. डोलीतून.”

बाईंनी लिहिलेलं खोडलं.

सर्जन म्हणाले, दुर्बिणीनं करू. झालं! नातेवाईक खवळले. एवढा जोखमीचा माणूस, त्याच्यावर कसले प्रयोग? मलाही पटत होतं. बुडीत खात्यावर आमची बँक कधी नवी योजना राबवत नाही.

सर्जन शांतपणे म्हणाले, “प्रयोग कसले? मुंबईच्या जे. जे.मध्ये डॉ. उदवाडियांनी १९९० साली पित्ताशय असं काढलं. आतड्याच्या अशा शस्त्रक्रियाही १९९१पासून होताहेत. पोटावर वीतभर चीर दिली, की दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया होतो. धडधाकट माणूस निभावून नेतो. यांना ते परवडणार नाही. पण पोटात गॅस भरावा लागतो. त्याचा ताण हृदयावर, फुफ्फुसांवर येतो. दाब कमी ठेवू. नाहीच सोसला, तर गॅस सोडून नेहमीसारखं पोट उघडू.”

तीन आठवडे विड्या बंद. रोज चालणं, आणि नळीनं श्वास ओढून डबीतले तीन चेंडू वर उचलणं. तिसरा चेंडू काही हलेना. मामा त्याला शिव्या देत.

संमतिपत्रावर मामांच्या खाली माझी सही हवी होती. जन्मभर लोकांना ‘इथं सही करा’ म्हणत आलो. ‘गरज पडल्यास पोट उघडण्यास संमती’ हे वाक्य चारदा वाचलं. मामी म्हणाली, “काय लिहिलंय रे?” म्हटलं, “नेहमीचंच.” सही अशी वाकडी आली, की आमच्या बँकेतून चेक परत गेला असता.

चार तास लागले. पोट उघडावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मामा नर्सचा हात धरून व्हरांड्यात चालत होते आणि तिला लेण्याद्रीचं आमंत्रण देत होते.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. भूलतज्ज्ञ बाई जिन्यात भेटल्या. “काय आजोबा, लेण्याद्री?”

मामांनी आधी मामीकडे पाहिलं. मग म्हणाले, “चाळीस पायऱ्या. पुढं डोली.”